आठवडी बाजारातला टीव्ही गेम : कुठून आला, कसा चालतो, घेताना काय बघायचं



आमच्या गटाच्या मासिक बैठकीत मध्यंतरी एक वेगळाच कर्जाचा अर्ज आला. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही, दवाखान्यासाठीही नाही. एका ताईंनी अंतर्गत कर्जातून हजार रुपये मागितले, ते मुलाला टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम घ्यायला. बैठकीत हशा पिकला. एक काकू म्हणाल्या, "अगं, गटाचा पैसा पोरांच्या खेळण्यात घालायचा का?"

ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा सहावीत आहे. घरात एकच मोठा फोन, तो ताईंचा, आणि शाळेतून आल्यापासून तो मुलाच्या हातात. त्याच फोनवर बँकेचे मेसेज येतात, गटाच्या हिशेबाचे फोटो असतात, पैसे पाठवायचं अ‍ॅप असतं. मुलाला पिन नंबर पाठ. दिवाळीनंतर एकदा खेळता खेळता त्यानं काहीतरी विकत घेतलं आणि खात्यातून ३४९ रुपये गेले. ताई म्हणाल्या, "माझ्या दीड दिवसाच्या मजुरीचे पैसे होते ते. आज एवढे गेले, उद्या गटाचा हप्ता गेला तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू? बाजारात टीव्हीला जोडायचा डबा मिळतो, त्याला नेट लागत नाही. फोन तरी माझ्याकडे राहील."

यावर कुणी हसलं नाही. पण त्या डब्याबद्दल कुणाला काही माहीतही नव्हतं. मग नेहमीप्रमाणे काम माझ्याकडे आलं. "तू बीए झालीस, तू शोधून काढ." मी शोधलं. जे सापडलं ते आधी गटाला सांगितलं, आज तुम्हाला सांगते.

डब्याची ओळख

रविवारच्या बाजारात प्लॅस्टिकच्या खेळण्यांच्या दुकानात तो डबा मिळाला. खोक्यावर लाल टोपीवाल्या, मिशीवाल्या माणसाचं चित्र. आत एक छोटं यंत्र, दोन रिमोट, एक खेळण्यातली बंदूक, एक कॅसेट. वर मोठ्या अक्षरात '९९९ गेम'. किंमत आठशे रुपये.

मी तो बघताक्षणी ओळखला. माझ्या लहानपणी तालुक्याच्या गावी मामाकडे असाच डबा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं त्याच्यापुढे ठिय्या द्यायचो. मामेभाऊ आधी खेळायचे, आम्हा मुलींची पाळी यायची तेव्हा नेमकी लाइट जायची. पण हा डबा मुळात कुठला, हे तेव्हा कधी विचारावंसं वाटलं नाही.

तर मैत्रिणींनो, हा डबा मूळचा जपानचा. खरं नाव 'फॅमिली कॉम्प्युटर', लोक लाडानं 'फॅमिकॉम' म्हणत. निन्टेन्डो नावाच्या कंपनीनं तो १५ जुलै १९८३ रोजी जपानात विकायला काढला. आपल्या बाजारात मिळतो तो डबा निन्टेन्डोचा नाही. ती त्याची नक्कल आहे, किंवा नकलेची नक्कल म्हणा.

घरच्या टीव्हीवर खेळायचं हे काही पहिलं यंत्र नव्हे. पहिलं आलं १९७२ साली अमेरिकेत. राल्फ बेअर नावाच्या इंजिनिअरनं ते तयार केलं होतं आणि त्याचं नाव होतं ओडिसी. त्याला आवाज नव्हता. पडद्यावर फक्त पांढरे ठिपके आणि रेघ दिसायची. मैदान दाखवायला टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लॅस्टिकचा कागद लावायचा, आणि गुण किती झाले ते खेळणाऱ्यांनीच कागदावर लिहून ठेवायचे. फॅमिकॉम आला तो यानंतर अकरा वर्षांनी.

पत्ते बनवणारी कंपनी

निन्टेन्डोची स्थापना १८८९ सालची, जपानच्या क्योटो शहरातली. फुसाजिरो यामाउची या कारागिरानं ती सुरू केली. तेव्हा वीजसुद्धा घरोघरी नव्हती, मग व्हिडिओ गेम कुठला? ही कंपनी पत्ते बनवायची. 'हानाफुदा' म्हणजे फुलांचे पत्ते. एका जोडात ४८ पत्ते, वर्षाच्या बारा महिन्यांचे प्रत्येकी चार, आणि प्रत्येक महिन्याचं वेगळं फूल किंवा झाड. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद वापरून हे पत्ते हातानं बनवले जात. आपण पापड लाटतो, गोधडी शिवतो, तसाच तो हातचा धंदा होता.

पुढे १९४९ मध्ये संस्थापकाचा पणतू हिरोशी यामाउची कंपनीचा प्रमुख झाला. फक्त पत्त्यांवर किती दिवस चालणार म्हणून त्यानं बरंच काही करून बघितलं. टॅक्सी चालवल्या, झटपट शिजणारा भात विकला. ते धंदे चालले नाहीत. मग १९६६ मध्ये एक गंमत झाली. कारखान्यात यंत्रांची देखभाल करणारा गुनपेई योकोई नावाचा माणूस होता. त्यानं रिकाम्या वेळात स्वतःसाठी लांबवर जाणारा, चिमट्यासारखा हात तयार केला होता. साहेबानं तो बघितला आणि रागवण्याऐवजी म्हणाला, हे खेळणं म्हणून विकू या. ते दहा लाखांहून जास्त खपलं. तिथून ही कंपनी खेळण्यांकडे आणि मग इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळली.

योकोईचं एक धोरण होतं, ते आपल्या गटांनाही उपयोगी पडेल. तो म्हणायचा की नवं, महाग तंत्र वापरण्याची घाई करू नका. जुनं, स्वस्त झालेलं, सगळ्यांना नीट समजलेलं तंत्र घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. फॅमिकॉमच्या जडणघडणीत हाच विचार दिसतो.

मिक्सर एक, भांडी अनेक

फॅमिकॉम तयार करण्याचं काम मासायुकी उएमुरा या इंजिनिअरकडे आलं. प्रमुखांची मागणी सरळ होती. यंत्र घरच्या टीव्हीला जोडता आलं पाहिजे, कॅसेट बदलून वेगवेगळे खेळ खेळता आले पाहिजेत आणि सामान्य कुटुंबाला परवडलं पाहिजे.

कॅसेट बदलणं म्हणजे काय, ते आपल्या मिक्सरवरून समजून घेऊ. मिक्सरची मोटर एकच असते, पण ओल्या चटणीचं भांडं वेगळं, सुक्या मसाल्याचं वेगळं, रसाचं वेगळं. तसा हा डबा म्हणजे मोटर आणि कॅसेट म्हणजे भांडं. खेळ कॅसेटमध्ये असतो, तो चालवण्याची ताकद डब्यात असते, आणि टीव्ही फक्त दाखवण्याचं काम करतो. डब्यात एक छोटा कॉम्प्युटर असतो. तुम्ही बटण दाबलं की तो ठरवतो की माणूस पुढे जाईल, उडी मारेल की खड्ड्यात पडेल, आणि तसं चित्र टीव्हीला पाठवतो. हे सगळं सेकंदाला साठ वेळा होतं, म्हणून आपल्याला चित्र चालतंय असं दिसतं.

त्या कॉम्प्युटरची ताकद आजच्या मानानं अगदीच तोकडी होती. काम करता करता लक्षात ठेवायची त्याची जागा फक्त २ केबी. म्हणजे इंग्रजीची दोनेक हजार अक्षरं, जेमतेम पान-दीड पान. शाळेतल्या पाटीसारखं होतं ते, लिहायचं आणि पुसायचं, पुन्हा लिहायचं. रंग पन्नासच्या आसपास, आणि एका वेळी पडद्यावर २५ दिसायचे. ओडिसीला आवाज नव्हता, याला मात्र एकाच वेळी पाच प्रकारचे आवाज काढता यायचे, त्यामुळे खेळात गाणं वाजायला लागलं.

डब्यातल्या मुख्य चिप रिको नावाची कंपनी बनवणार होती. भाव फार होता. तेव्हा यामाउचीनं त्यांना शब्द दिला की दोन वर्षांत तीस लाख चिप घेऊ, पण भाव कमी लावा. तोवर एकही डबा विकला गेला नव्हता. घाऊक खरेदीचा हिशेब आपल्याला माहीत आहेच. दहा गट मिळून उडीद डाळ घेतली तर भाव उतरतो. फरक एवढाच की आपण एवढी मोठी उडी मारत नाही. त्या उडीमुळे डब्याची किंमत १४,८०० येन ठेवता आली, त्या वेळच्या घरगुती कॉम्प्युटरपेक्षा बरीच कमी.

आता रिमोट बघा. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं बटण असतं. वर दाबलं की वर, खाली दाबलं की खाली, डावीकडे, उजवीकडे. हे योकोईनं १९८२ मध्ये हातात मावणाऱ्या एका छोट्या खेळासाठी काढलं होतं. त्याआधी बहुतेक यंत्रांना उभी दांडी असायची. दांडीपेक्षा हे बटण स्वस्त, लहान, आणि लवकर मोडत नाही. आज कुठल्याही व्हिडिओ गेमचा रिमोट हातात घ्या, त्यावर बहुधा हे बटण किंवा त्याचा एखादा भाऊबंद सापडेल.

जपानच्या मूळ डब्याला दोन रिमोट होते आणि दुसऱ्यात एक छोटा माईक होता. काही खेळांत त्यात ओरडलं की शत्रू मरायचा. किती घरांत आयांनी त्यावरून आरडाओरडा केला असेल, कल्पना करा.

माल बिघडला तेव्हा

आता मुख्य गोष्टीकडे येते. सुरुवातीच्या डब्यांमध्ये दोष निघाला. एका चिपमधल्या चुकीमुळे खेळ मध्येच बंद पडायचा. रिमोटवरची चौकोनी रबरी बटणंही दाबली की आत अडकायची. डबे दुकानांत गेलेले, घरांत पोहोचलेले, लोक तक्रारी करत होते.

कंपनीनं विकलेले डबे परत मागवले आणि आतली पाटी, म्हणजे ज्यावर सगळ्या चिप बसवलेल्या असतात ती, बदलून दिली. नंतर रबरी चौकोनी बटणं जाऊन घट्ट प्लॅस्टिकची गोल बटणं आली. नव्या मालावर एवढा तोटा सोसणं सोपं नसतं. पण १९८४ संपेपर्यंत जपानमध्ये सर्वांत जास्त खपणारा व्हिडिओ गेम हाच होता.

हे वाचताना मला आपला पापड आठवला. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाच्या उडीद पापडात पापडखार जास्त पडला. चाळीस पाकिटं विकून झाल्यावर कळलं. तळले की लाल व्हायचे आणि जिभेवर कडवट लागायचे. बैठकीत दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, कुणी तक्रार केली तर बघू, गप्प बसा. काही जणी म्हणाल्या, नाव आपलं आहे. शेवटी दारोदार जाऊन ३१ पाकिटं परत आणली आणि ताजी दिली. बाकीची लोकांनी खाऊन टाकली होती. त्या महिन्यात नफा शून्य. पण त्यातलं एकही घर आपल्याकडून तुटलं नाही. ज्या काकू गप्प बसा म्हणत होत्या, त्याच आज प्रत्येक घाणीचा पहिला पापड तळून बघतात.

अमेरिकेत उलटं काय घडलं

ज्या वर्षी जपानात फॅमिकॉम आला, त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. कारण काय? खेळांना मागणी आहे म्हटल्यावर जो तो कॅसेटी काढायला लागला. चांगल्या-वाईटाची तपासणी नाही. अटारी ही तिथली मोठी कंपनी. तिनं १९८२ मध्ये एका गाजलेल्या सिनेमावरून 'ई.टी.' नावाचा खेळ काढला. नाताळाचा मोसम गाठायचा म्हणून तो सहाएक आठवड्यांत उरकला. लोकांना तो आवडला नाही, आणि माल तर खपेल त्यापेक्षा कितीतरी जास्त बनवलेला. शेवटी १९८३ मध्ये तो आणि इतर खेळांच्या कॅसेटी न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत खड्डा करून पुरल्या. २०१४ मध्ये तो खड्डा उकरला, तेव्हा कॅसेटी खरोखर सापडल्या.

लोकांचा विश्वास एकदा उडाला की चांगल्या मालाकडेही ते बघत नाहीत. अमेरिकेतले दुकानदार म्हणायचे, व्हिडिओ गेमचं नावच काढू नका. अशा बाजारात निन्टेन्डो १९८५ साली उतरली, आधी फक्त न्यूयॉर्क शहरात. तिनं डब्याचं रूप बदललं. पांढरा-लाल रंग जाऊन राखाडी आला. कॅसेट वरून घालण्याऐवजी व्हीसीआरसारखी पुढून घालायची केली, म्हणजे खेळणं न वाटता घरातलं यंत्र वाटावं. नावही 'निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम' असं ठेवलं. सोबत एक छोटा रोबो दिला. आणि दुकानदारांना सांगितलं, माल ठेवून घ्या, विकला जाईल तेवढ्याचेच पैसे द्या, उरलेला आम्ही परत नेतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कुलूप. डब्यात एक चिप आणि कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप. दोघींची खूण पटली तरच खेळ सुरू राहायचा. म्हणजे कंपनीनं मंजूर न केलेली कॅसेट चालायचीच नाही. बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच खेळ काढायची परवानगी होती. मंजूर खेळाच्या खोक्यावर गोल शिक्का असायचा. आपल्याकडे मसाल्याच्या पाकिटावर अ‍ॅगमार्क असतो तसा, पण हा शिक्का सरकारचा नव्हता, कंपनीचाच. त्यामुळे खेळ बनवणारे इतर लोक नाराजही होते, कारण सगळी सत्ता एकाच हाती गेली. ती बाजूही खरी आहे. पण घेणाऱ्याला एवढं कळलं की या मालामागे कुणीतरी उभं आहे.

लाल टोपीवाला

खोक्यावरच्या त्या मिशीवाल्याचं नाव मारिओ. शिगेरू मियामोतो या कलाकारानं तो १९८१ च्या एका खेळात आणला, आणि १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानात 'सुपर मारिओ ब्रदर्स' ही त्याची कॅसेट आली.

हा अख्खा खेळ फक्त ४० केबीचा आहे. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो तो एक फोटोसुद्धा साधारण याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत ३२ टप्पे, गाणी, शत्रू, किल्ले कसे बसवले? काटकसरीनं. त्या खेळात आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट बघा. चित्र एकच आहे. पांढरं केलं की ढग, हिरवं केलं की झुडूप. उरलेल्या तुकड्यांतून गोधडी करणाऱ्या बाईला हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मला, प्रशिक्षण घेणारी म्हणून, फार आवडली. खेळ शिकवायला तिथे कुणी भाषण देत नाही. सुरुवातीला डावीकडे जाता येत नाही, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे आपोआप उजवीकडे जातो. समोरून एकच शत्रू येतो. धडकलं की मरतो, पुन्हा सुरुवात, आणि पुन्हा सुरुवात करायला वेळ लागत नाही. उडी मारली तर वाचतो, वर एखादी विट फुटते, काहीतरी मिळतं. दोन मिनिटांत मूल शिकतं आणि त्याला कुणी शिकवल्याचं कळतही नाही. आपण पहिल्याच दिवशी नव्या सदस्यांपुढे अकरा नोंदवह्या टाकतो, तेव्हा हे आठवायला हवं.

फॅमिकॉम आणि त्याचा अमेरिकी भाऊ मिळून जगभर ६ कोटी १९ लाखांच्या आसपास विकले गेले. जपानात त्याचं उत्पादन २००३ पर्यंत, म्हणजे वीस वर्षं चालू होतं. त्यानंतरही कंपनी जुने डबे २००७ पर्यंत दुरुस्त करून देत होती. सुटे भाग संपले तेव्हा थांबली.

नक्कल आपल्या दारात

मग आपल्याकडचा डबा कुठून आला? जपानच्या मूळ डब्यात ते कुलूप नव्हतं, ते फक्त बाहेरच्या डब्यांत होतं. नक्कल करणाऱ्यांचं काम सोपं झालं, त्याचं हे एक कारण. तैवान आणि चीनमधून नकला निघाल्या आणि जगभर पसरल्या. आपल्या देशात १९९० च्या दशकात शहरांत, तालुक्यांत जो 'टीव्ही गेम' आला, तो बहुतेक हाच. आपल्यापैकी कितीतरी जणी मारिओ खेळल्या, बदकं मारली, पण मूळ निन्टेन्डोचा डबा कधी पाहिला नाही.

नक्कल म्हणजे सगळंच वाईट असं मी म्हणत नाही. खेळ तेच आहेत, पोरं रमतात. पण मूळ डब्यात वेगवेगळ्या चिप होत्या, बदलता येत होत्या. नकलेत सगळं मिळून काळ्या डांबरासारख्या एका ठिपक्याखाली असतं. तो ठिपका बिघडला की दुरुस्ती नाही. आणि माल परत घ्यायला कुणाला शोधायचं, तर खोक्यावर कंपनीचा पत्ताच नसतो.

म्हणून घ्यायचाच असेल तर या गोष्टी बघा.

एक. आपल्या टीव्हीच्या मागे पिवळं छिद्र आहे का ते आधी बघा. डब्याची पिवळी वायर चित्राची, पांढरी किंवा लाल आवाजाची. काही नव्या टीव्हींना ही छिद्रं नसतात. ती नसतील तर हा डबा थेट जोडता येणार नाही.

दोन. '९९९ गेम' यावर विश्वास ठेवू नका. त्यात थोडेच खेळ असतात, तेच नाव बदलून, रंग बदलून, मधल्या टप्प्यापासून सुरू करून पुन्हा पुन्हा मोजलेले.

तीन. बंदुकीसाठी जास्त पैसे देऊ नका. त्या बंदुकीतून काही बाहेर पडत नाही, उलट ती बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. हे जुन्या, मागून फुगीर असलेल्या टीव्हीवरच जमतं. नव्या चपट्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येतं, त्यामुळे ही जुन्या पद्धतीची बंदूक चुकते. पोराला वाटतं आपला नेम वाईट.

चार. अ‍ॅडॉप्टर डब्यासोबतचाच वापरा, दुसरा कुठला लावून बघू नका. तो फार तापत असेल तर बंद करा.

पाच. कॅसेट चालली नाही की आपण सगळ्यांनी फुंकर मारली आहे. ते चुकीचं. तोंडातली वाफ आतल्या धातूच्या पट्ट्यांना गंज धरवते. फुंकरीनं चालायची असं वाटायचं, पण खरं तर कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे ती चालायची. कोरड्या सुती कापडानं पुसा.

सहा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. पक्कं बिल मागा. बिघडला तर कुणाकडे आणायचा, हे दुकानदाराकडून लिहून घ्या.

गटानं काय ठरवलं

मी हे सगळं पुढच्या बैठकीत सांगितलं. मग आम्ही बाजारातला डबा बोली करून एका दिवसासाठी ताईंच्या घरी आणला. दोघी जणी वही घेऊन बसल्या. ९९९ पैकी वेगळे खेळ भरले २६. दुकानदाराला विचारलं, बिघडला तर? तो म्हणाला, "ताई, खेळण्याला कसली गॅरंटी?" डबा परत केला. तालुक्याच्या दुकानात तसाच डबा ११०० रुपयांना होता. तिथे बिल मिळालं आणि सहा महिन्यांत बिघडला तर बदलून देऊ असं बिलावर लिहून मिळालं.

गटानं हजार रुपये मंजूर केले, पाच हप्ते, नेहमीचंच दोन टक्के व्याज. वरचे शंभर ताईंनी घातले. ठरावात कारण लिहायची वेळ आली तेव्हा सचिव अडखळल्या. काकूच म्हणाल्या, "लिही, फोनच्या सुरक्षेसाठी." त्याच बैठकीत सगळ्यांनी आपापले पिन बदलले. ते खरं तर आधीच करायला हवं होतं.

डबा आला म्हणून घरात सगळं गोड झालं, असं नाही. मुलगा अजून कधी कधी फोन मागतो. टीव्हीपुढून उठवताना रोज कटकट होते. एक तासाचं ठरलं असलं तरी दीड तास होतो. पण त्या डब्यात जाहिरात येत नाही, अनोळखी माणूस बोलत नाही आणि बटण दाबून पैसे जात नाहीत. शिवाय रिमोट दोन आहेत. परवा मी गेले तर एक मुलाच्या हातात होता आणि एक ताईंच्या. पहिल्याच खड्ड्यात पडल्या आणि मुलाला म्हणाल्या, "थांब रे, पुन्हा लाव." दोन हप्ते वेळेवर भरलेत त्यांनी.

मैत्रिणींनो, टीव्ही गेम असो, मिक्सर असो की बियाण्याची पिशवी, वस्तू घेताना खोक्यावरचा आकडा वाचण्याआधी एक प्रश्न विचारा. हे बिघडलं तर याच्यामागे कोण उभं राहणार? आणि आपण पापड, लोणचं, मसाला विकतो तेव्हा आपलं गिऱ्हाईकही मनात हाच प्रश्न विचारत असतं, हे विसरू नका.